मुक्तिनाथचा गडू

१

"गडू गेला!"

राजनची आरोळी एवढी खणखणीत होती की पाहुणी म्हणून आलेल्या आणि हॉलमध्ये चहा घेत बसलेल्या शोभनाचा कप बशीवर आपटला. ती तशीच देवघराकडे धावली.

अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या एकतिसाव्या मजल्यावर देवघर म्हणजे हॉलच्या टोकाला पडदा लावून केलेला कोनाडा. तिथे पितांबर नेसलेला राजन कपाळाला हात लावून उभा होता. समोरच्या चौरंगावर लाल रेशमी फडकं चुरगळून पडलं होतं आणि त्याखाली बारा दिवस झाकून ठेवलेला तांब्याचा गडू नव्हता.

रविवारचे सकाळचे नऊ वाजले होते. अकराला मावंदं. यात्रेहून आणलेल्या तीर्थाच्या गडूची पूजा करायची, चारचौघांसमोर त्याचं बंद तोंड फोडून तीर्थ वाटायचं आणि मग पंगत, ही राजनच्या घराण्याची जुनी रीत. वाडवडील काशीला जाऊन येत, राजन नेपाळला जाऊन आला. तोही एकटा नव्हे, सात जणांना घेऊन. पशुपतिनाथाचं दर्शन झालं, स्वयंभूनाथाची माकडं झाली, भक्तपूरच्या पंचावन्न खिडक्यांच्या राजवाड्यासमोर फोटो झाले. पाटणच्या तांबटाकडून राजनने हा दीड लिटरचा गडू घडवून घेतला. मुक्तिनाथला एकशे आठ धारांचं पाणी त्यात भरलं आणि परतताना त्याच तांबटाने तोंडाला डाग देऊन, वर आपला ठसा मारून तो बंद केला. ते शोभनाने स्वतः पाहिलं होतं. यात्रेत तीही होती.

"साडेसातशे दिरहॅमचा गडू! म्हणजे अठरा हजार रुपये," राजन म्हणाला. "पण पैशाचं सोडा. तीर्थ गेलं ना! तीस माणसं येतायत, त्यांना काय दाखवू?" मग आवाज खाली आणून त्याने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "घरात बाहेरचं माणूस एकच आहे."

बाहेरचं माणूस म्हणजे सत्यभामा. नऊ वर्षं या घरात स्वयंपाक करणारी, राजनच्या लेकीला, मिहिकाला भरवून मोठी केलेली, स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत राहणारी सत्यभामा. ती पुरणाचे हात घेऊन दारात उभी होती आणि तिला अजून काही कळलंच नव्हतं.

राजनची बायको अपर्णा "अहो, थांबा" म्हणेपर्यंत तो सत्यभामाच्या खोलीत शिरला होता. सकाळपासून 'मी सोवळ्यात आहे, मला शिवू नका' म्हणून सगळ्यांना दूर ठेवणाऱ्या माणसाला एका बाईची गादी उलटी करताना सोवळं आठवलं नाही.

दोन मिनिटांनी तो बाहेर आला. हातात प्लास्टिकची छोटी बाटली होती, पाण्याने भरलेली. बाटलीला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहिलं होतं: मुक्तिनाथ.

२

"हे माझं आहे, साहेब," सत्यभामा म्हणाली. "मी भरलेलं."

"बघा! स्वतःच कबूल करतेय."

"तिथंच भरलं, धारेखाली. गडू भरला तेव्हाच ही पण भरली. शोभनाताईंनी बघितलंय."

शोभनाने बघितलं होतं. त्या बर्फगार धारांखाली हात घातल्याबरोबर राजन "बाप रे" करून मागे सरला होता. एकशे आठच्या एकशे आठ धारांखालून गेली ती सत्यभामा, आणि गडू भरला तोही तिनेच. नंतर तासभर तिचे दात वाजत होते. पण त्या दिवशीच्या फोटोंत गडू राजनच्या हातात होता. फोटो काढायच्या वेळी हात कोरडे असलेला तो एकटाच होता ना!

यात्रेला तरी तिला कशासाठी नेलं होतं? 'आपलं जेवण' मिळावं म्हणून. बाकीचे भक्तपूर बघत होते तेव्हा ती हॉटेलच्या मुदपाकखान्यात पोळ्या लाटत होती.

"राजन, ही बाटली अर्ध्या लिटरची," शोभना म्हणाली. "बाकीचं लिटरभर कुठे गेलं? आणि गडू?"

"ते तिला विचारा. मी बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर टाकलंय. लोकांना सावध करणं माझी ड्यूटी आहे." त्याने फोन पुढे केला. 'आमच्या कुकने घरात चोरी केली आहे. कृपया कोणीही तिला काम देऊ नये.' खाली सत्यभामाचा फोटो. बाईचा फोटो टाकताना याचा अंगठा अडखळला कसा नाही!

"पोलिसांत जायचं नाही मला," तो पुढे म्हणाला. "तिच्यासाठीच म्हणतोय. संध्याकाळच्या फ्लाइटने घरी जाईल, व्हिसा कॅन्सल, विषय खलास. पासपोर्ट माझ्या कपाटात आहेच."

सत्यभामा खाली बसली नाही, रडली नाही. तिने फक्त पुरणाचे हात पदराला पुसले. नऊ वर्षांत ती पदराला हात पुसताना शोभनाने पाहिली नव्हती.

"चोर म्हणून गावात जाऊ मी?" ती म्हणाली. "ताई, माझी लेक नर्सिंगला आहे. तिला काय सांगू?"

शोभना अपर्णाची पुण्यातली कॉलेजची मैत्रीण. फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर लॅबमध्ये होती. जहाजावरून आलेल्या तेलाचा नमुना बाटलीत भरायचा, सील करायचं आणि ते सील वाटेत कुणी उघडलं का, हे ओळखायचं, यात तिची वीस वर्षं गेली होती. मोठमोठ्या कॅप्टनांचं खोटं तिने पकडलं होतं.

"अकरापर्यंत थांबा," ती म्हणाली. "दोन तास. गडू मी शोधून देते."

राजन हसला, पण त्याची नजर आधी घड्याळाकडे गेली.

३

पहिली गोष्ट, गडू घरातून बाहेर गेला का?

शोभना लिफ्टने खाली उतरली. रिसेप्शनवर याकूब होता. एकतिसाव्या मजल्याच्या कॅमेऱ्यात सकाळपासून काय दिसलं, असं तिने विचारलं तेव्हा तो ओठ दाबून हसला.

"मॅडम, कोई नहीं निकला. कचरा डालने भी नहीं. सिर्फ साहब एक बार नीचे आए, पंडितजी की गाडी देखने. नंगे बदन! ऊपर शॉल भी नहीं. मैं बोला, हबीबी, एसी है, सर्दी लगेगा."

"हाथ में कुछ था?"

"मोबाइल."

म्हणजे गडू घरातच होता. आणि घरातच असेल तर सत्यभामाने तो चोरून काय साधलं?

वर आली तेव्हा उर्मिलाताई बाल्कनीत एकट्या उभ्या होत्या. अजमानला राहणाऱ्या, साठीच्या, यात्रेतल्या सर्वांत हौशी बाई. पाटणला त्यांनीच राजनशी भांडण काढलं होतं. गडूतलं अर्धं तीर्थ मलाही हवं, पाणी काही तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही, असं तांबटाच्या दुकानात ठणकावलं होतं. आज त्या सगळ्यांच्या आधी, सात वाजताच येऊन थडकल्या होत्या. आणि आता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उर्मिलाताई, खरं सांगा. गडूला हात लावलात?"

"आज नाही गं!" त्या पटकन म्हणाल्या आणि जीभ चावली.

"मग कधी?"

"मागच्या शुक्रवारी आले होते. नमस्काराला वाकले तर पदर अडकला फडक्याला. गडू डुगडुगला, पडलाच असता. मी कसाबसा सावरला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ओवळ्यात शिवले म्हणून बोलले नाही कुणाला. आता वाटतं, माझ्यामुळेच देव कोपला."

"देव कोपायला एवढा मोकळा नाही, ताई. पदर अडकून डुगडुगला म्हणता? दीड लिटर पाण्याने भरलेला, जाड तांब्याचा गडू?"

"हो ना. खेळण्यासारखा हलका लागला हाताला. मला वाटलं, देवाचा म्हणून असेल."

शोभना कठड्याला धरून उभी राहिली. गडू आज नाहीसा झाला होता. पाणी मात्र त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं.

४

अपर्णा बेडरूममध्ये साडी बदलत होती.

"तुला तरी वाटतं का गं, सत्यभामाने घेतला असेल?"

"नाही वाटत. पण ह्यांच्यापुढे बोलायचं कसं? नेपाळहून आल्यापासून नुसते चिडचिड करतायत. मावंदं पुढे ढकल म्हणत होते, पण मी सगळ्यांना आमंत्रणं करून बसले होते." अपर्णाने नाक पुसलं. "आणि त्या गडूला किती जपलं म्हणून सांगू! काठमांडूहून निघताना मी म्हटलं, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाकू. तर म्हणाले, देवाचं तीर्थ चपला-बुटांच्या बॅगांबरोबर विमानाच्या पोटात? मी हातातून खाली ठेवणार नाही. खरंच नाही ठेवला. अबू धाबीपर्यंत शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. जेवले नाहीत, बोलले नाहीत. जप चाललाय म्हणाले."

"सिक्युरिटीला तुम्ही बरोबर होतात?"

"काठमांडूला बायकांची रांग वेगळी ना! मी आणि मिहिका लवकर सुटलो. हे बरेच मागून आले, शेवटची घोषणा झाली तेव्हा धावत."

दारात मिहिका उभी होती. डोळे रडून लाल. सत्यभामाच्या खोलीतली गादी तिने एकटीने परत घातली होती.

"शोभनामावशी, धिस इज सो अनफेअर. बाबा टेक्स एव्हरीथिंग आउट ऑन हर. त्या दिवशी मी रडत होते तेव्हा पण बाबा वॉज लाइक, शट अप."

"कधी? का रडत होतीस?"

"एअरपोर्टवर. थामेलच्या बाजारात घेतलेलं माझं गुलाबपाणी, दे टुक इट! दीडशे एमएल होतं म्हणून. हंड्रेडच्या वर नॉट अलाउड. मी रांगेतल्या बाईला सांगितलं, इट्स जस्ट वॉटर. तिने डस्टबिनमध्ये टाकलं."

शोभना बसलेल्या पलंगावरून हळूच उठली. वीस वर्षं विमानाने ये-जा करणारी बाई ती, आणि बारा दिवस तिच्या डोक्यात हे आलं नव्हतं! तिच्याच काय, यात्रेतल्या कुणाच्याच आलं नव्हतं. शाम्पूच्या बाटलीला लागणारा नियम देवाच्या पाण्यालाही लागतो, हा विचारच कुणी केला नाही. उलट 'हातातून खाली ठेवला नाही' म्हणून सगळ्यांनी राजनला नमस्कार केला होता.

आता एकच उरलं होतं. गडू घरात कुठे आहे?

ती स्वयंपाकघरात गेली. सत्यभामा कढईसमोर उभी राहून वडे तळत होती. चोर ठरवलेल्या बाईला तीस माणसांचा स्वयंपाक मात्र कुणी सोडायला सांगितला नव्हता.

"सत्यभामा, आज साहेब स्वयंपाकघरात आले होते?"

"मी अंघोळीला गेले तेव्हाचं माहीत नाही, ताई. पण सकाळी उठल्या उठल्या मला म्हणाले, आज नवी गोणी फोड, पिंपातला तांदूळ घेऊ नको, त्याला कीड लागलीय."

"लागलीय?"

"कालच निवडलाय मी. कीड कुठली!"

५

अकरा वाजता हॉल भरला. पाहुण्यांनी ग्रुपवरचा मेसेज वाचलाच होता. सत्यभामा पाण्याचे तांबे घेऊन आली तेव्हा बायकांनी पर्सा मांडीवर ओढून घेतल्या. तिच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लेल्या बायका! शोभनाला एकेकीचं नाव घेऊन बोलावंसं वाटलं.

गुरुजी चौरंगापाशी बसले होते. राजन उभा राहून घसा साफ करत होता.

"आज एक दुःखद गोष्ट—"

"ती मी सांगते," शोभना म्हणाली. "राजन, तुमच्या निऱ्यांत तांदूळ अडकलेत."

सगळ्यांनी पाहिलं. पितांबराच्या निऱ्यांत पाचसहा पांढरे दाणे होते.

"अक्षता असतील. पूजेचं घर आहे."

"पूजा अजून सुरू व्हायचीय. आणि तुमच्या घरी अक्षतांना कुंकू लावतात, त्या समोर ताटात आहेत, लालभडक. हे दाणे कोरे आहेत." ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, गावाला जाताना घरातल्या देवांची पूजा होणार नसेल तर देव कुठे ठेवतात?"

"तांदळात," गुरुजी सहज म्हणाले. "धान्यासारखी पवित्र जागा घरात दुसरी नाही."

"राजन देवभोळे आहेत, हे मी नाकारत नाही. तीर्थाचा गडू ते कपाटात चपलांमागे लपवणार नाहीत, कचऱ्यात टाकणार नाहीत. ते तो तांदळातच ठेवणार. मिहिका, पिंप आण गं."

"हा मूर्खपणा आहे," राजन म्हणाला. पण तो मिहिकाला अडवायला गेला नाही.

पिंप आलं. शोभनाने कोपरापर्यंत हात घातला आणि गडू वर काढला. हॉलमध्ये गलका झाला. तिने गडू उलटा केला. त्यातून चार दाणे तांदूळ पडले, पाण्याचा थेंबही नाही. तोंडावरचा डाग उचकटलेला होता. पाटणच्या तांबटाचा ठसा अर्धा तुटून एका बाजूला लोंबत होता.

"हे सील आज तुटलेलं नाही," ती म्हणाली. "तांब्याची उचकटलेली कड बघा, काळवंडलीय. हे काठमांडूच्या विमानतळावर तुटलं. सगळीकडून बंद, आत द्रव असलेलं धातूचं भांडं हातातल्या सामानात घेऊन कुणालाही विमानात सोडत नाहीत. मिहिकाचं दीडशे एमएल गुलाबपाणी सोडलं नाही, तिथे दीड लिटर सोडतील? यांच्यापुढे गडू फोडून ओतण्याशिवाय मार्ग नव्हता. बायका वेगळ्या रांगेत, त्यामुळे पाहिलं कुणी नाही. मागच्या शुक्रवारी उर्मिलाताईंचा पदर लागून गडू डुगडुगला, कारण तो रिकामा होता. पाणी परत भरता आलं असतं, पण पाटणचा ठसा अबू धाबीत कोण मारून देणार? आज सगळ्यांसमोर तोंड फोडायचं होतं. म्हणून गडूच नाहीसा झाला."

"आणि सत्यभामाची बाटली?" कुणीतरी विचारलं.

"सत्यभामाला स्वस्त तिकीट काढून शारजाच्या विमानाने पाठवलं होतं, माझ्याबरोबर. तिने बाटली साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, की देवाचं पाणी बॅगेत टाकलं तर बाटतं."

राजन चौरंगावर टेकला. सोवळंओवळं कसलंच भान त्याला उरलं नव्हतं.

"शेवटची घोषणा झाली होती," तो पुटपुटला. "त्या माणसाने स्क्रूड्रायव्हर घातला आणि बादलीत ओतलं. मुक्तिनाथचं पाणी, बादलीत! मी काय करायला हवं होतं? मला वाटलं, चोरीला गेला म्हणावं. कुणाचं नाव घेणार नव्हतो."

"पण घेतलंत," शोभना ओरडली. "सरळ तिच्याकडे मान वळवलीत! पाणी सांडलं, यात कसली लाज होती? हसलो असतो सगळे, आणि जेवलो असतो. तुमची फजिती होऊ नये म्हणून एका बाईला चोर करून देशाबाहेर घालवायला निघालात तुम्ही. ज्या बाईने गोठत उभं राहून ते पाणी भरलं, तिला!"

"आम्हाला वाटलंच होतं, सत्यभामा तशी नाही," एक बाई म्हणाल्या.

"मग सकाळी ग्रुपवर तसं लिहायला काय झालं होतं?" शोभनाने विचारलं, आणि त्या बाई पानांकडे बघू लागल्या.

६

राजन सत्यभामाजवळ गेला. "आत चल जरा," तो हलकेच म्हणाला. "बोलू आपण."

"आत नको, साहेब." सत्यभामा जागची हलली नाही. "चोर म्हणालात ते बाहेर. आणि त्या फोनवर लिहिलंत. तिथंच लिहा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. अपर्णाने त्याचा फोन उचलून त्याच्या हातात ठेवला. "लिहा अहो," ती म्हणाली, आणि तिच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती पण हा सूर शोभनाने प्रथमच ऐकला. त्याने लिहिलं. चोरी झालीच नव्हती, मी खोटं बोललो, सत्यभामाची माफी मागतो. तीसच्या तीस जणांनी आपापल्या फोनवर ते वाचलं.

अपर्णा बेडरूममध्ये जाऊन आली. तिच्या हातात सत्यभामाचा पासपोर्ट होता. "हा आजपासून तुझ्याकडे," ती म्हणाली. "राहायचं की नाही, तू ठरव. व्हिसाला कुणी हात लावणार नाही."

"झालं ना?" राजनने कपाळ पुसलं. "खलास. चला, यल्ला, माणसं भुकेली आहेत. सत्यभामा, पानं वाढायला घे."

सत्यभामाने पासपोर्ट उघडून आपला फोटो पाहिला, मिटला. मग ती हॉलमध्ये मांडलेल्या पंगतीकडे गेली आणि अगदी पहिल्या केळीच्या पानासमोर मांडी घालून बसली. पासपोर्ट तिने पानाशेजारी ठेवला.

"अगं, हे काय?" राजन म्हणाला.

"मावंदं यात्रा केलेल्याचं असतं ना, साहेब? यात्रा मी पण केलीय. वाढा."

मिहिका खुदकन हसली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. उर्मिलाताई बसल्या. शोभना बसली. मग एकेक करत बाकीचेही. उभा राहिला तो राजन एकटा. अपर्णाने स्वयंपाकघरातून भाताचं पातेलं आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने पितांबर सावरला, डाव उचलला आणि सत्यभामाच्या पानावर वाकला.

सत्यभामाने पानावर हात आडवा धरला.

"भात नंतर, साहेब," ती म्हणाली. "आधी मीठ वाढतात."